मॅन्युअल फोकस : हिरवा ठिपका लागतो, तरी डोळे सॉफ्ट येतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरचा, रामबागेत राहतो. रात्री सराफ्यातली सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्या ओट्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात. त्यात एक गराडूवाले काका आहेत. वडील मला लहानपणी त्यांच्याकडे न्यायचे, आता मी मुलीला नेतो. काकांचा एक चांगला फोटो मोठा करून देईन, असा शब्द दिला आहे. गराडू थंडीतलाच कंद. थंडी सरली की त्यांची ती कढई वर्षभर दिसणार नाही, म्हणून घाई.

कॅमेरा निकॉन डी३५००. आधी कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सच्या ऑटोफोकसवर प्रयत्न केला. काका तुकडे दुसऱ्यांदा तेलात सोडतात तेव्हा कढईवर वाफेचा पडदाच उभा राहतो आणि मागे झगझगीत दिवे. लेन्स पुढे-मागे फिरत बसते, तोवर काकांनी मान वळवलेली असते. लागलाच फोकस तर हातातल्या झाऱ्यावर.

म्हणून वडिलांची ५० एमएम एफ १.८ डी लेन्स काढली. या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे रिंग हातानेच फिरवायची, हे माहीत आहे. अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या भोकाची, रिंग २२ वर लॉक केली आहे, मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) बरोबर येतं. एफचा आकडा लहान तेवढं भोक मोठं. किट लेन्स ५५ ला एफ ५.६ वर असते, तिच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश ही घेते.

उभ्या फ्रेममध्ये मधला फोकस पॉइंट डोळ्यावर धरतो, फोकस जुळल्याचं सांगणारा व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका लागेपर्यंत रिंग फिरवतो, मग कढई यावी म्हणून कॅमेरा थोडा खाली करून क्लिक. अंतर दीड मीटर. एफ १.८, १/२५०, आयएसओ ८००. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर सगळं छान दिसतं. घरी लॅपटॉपवर पाहावं तर कानावरच्या मफलरचे धागे मोजता येतील इतके स्पष्ट, आणि डोळे सॉफ्ट. काल चाळीसपैकी तीनच बरे निघाले.

ठिपक्यावर विश्वास ठेवायचा की स्वतःच्या डोळ्यांवर? मला चष्मा आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

मफलर शार्प आहे म्हणजे हात हललेला नाही, फोकस मागे गेलाय. दीड मीटरवर एफ १.८ ला शार्प पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा मिळतो. डोळा आणि कान त्यात एकत्र मावत नाहीत. त्यात तुम्ही ठिपका लागल्यावर कॅमेरा खाली करता, खरी गोम तिथेच आहे. दहा अंश जरी कलवला तरी फोकसची पातळी डोळ्याच्या दोनेक सेंटीमीटर मागे जाते. ठिपका निवडलेल्या पॉइंटप्रमाणे लागतो, तेव्हा अकरांपैकी वरचा पॉइंट निवडा, आधी फ्रेम ठरवा आणि मग कॅमेरा हलवूच नका. कडेचे पॉइंट मधल्याइतके तरबेज नसतात, त्यांना ठळक कड लागते. भुवई, पापणी, चष्म्याची फ्रेम, जे असेल ते द्या.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. शिवाय रिंग किंचित फिरली तरी ठिपका पेटलेलाच राहतो. तो कुठे लागतो आणि कुठे विझतो ते पाहून मधोमध थांबा. या लेन्सची रिंग फार हलकी, केसभर फिरवली तरी बराच फरक पडतो. ती बोटांच्या टोकांनी फिरवा. व्ह्यूफाइंडरशेजारचं डायऑप्टरचं, म्हणजे तो आपल्या नजरेला जुळवायचं, बटणही तपासा, बॅगेत घासून सरकतं. चष्मा लावूनच व्ह्यूफाइंडरमधल्या खुणा रेखीव दिसेपर्यंत ते हलवा. आणि एफ १.८ ला नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. हल्लीच्या फोकसिंग स्क्रीनवर साधारण एफ २.८ पेक्षा उथळ फोकस खरा दिसतच नाही. जुन्या कॅमेऱ्यांत मध्ये दुभंगलेलं चित्र जुळवायची सोय होती, इथे ती नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. डायऑप्टर खरंच सरकलेला होता! काल एफ ३.५, १/१२५, आयएसओ १६०० ठेवलं. पट्टा बारा सेंटीमीटरच्या आसपास आला. वरचा पॉइंट भुवईवर धरून, वाफ नसतानाच फोकस लावला आणि रिंगवरून हात काढला. काका तराजूकडे वळले की थांबायचो, परत जागेवर आले की क्लिक. तुकडे तेलात पडले, वाफ उठली, पण आता फोकस ढळायला कारणच नव्हतं. वाफेआडून त्यांचे डोळे स्वच्छ आलेत. एका फोटोत तर बुबुळात कढईवरचा दिवा दिसतो. मुलीने तोच निवडला.

आता १२ बाय १८ इंचांचा प्रिंट काढायचा आहे. ठेल्यावर तेलाचे हात लागणार, तर मॅट कागद घ्यावा की ग्लॉसी? फ्रेमला काच लावली तर दिव्यांची चकाकी येईल का? कुणी दुकानासाठी असा फोटो केला असेल तर जरूर सांगा.