‘आओगे जब तुम’ बसवताना सारखा देस का होतो? (‘जब वी मेट’ची गाणी, कोजागरीचा कार्यक्रम)

चांदणवेल

कोजागरीच्या कार्यक्रमात ‘जब वी मेट’मधली चार गाणी सलग घ्यायची आहेत: ‘मौजा ही मौजा’, ‘ये इश्क हाये’, ‘तुम से ही’ आणि ‘आओगे जब तुम’. पहिली तीन बसली आहेत. ‘आओगे’ अडलंय. हे गाणं तिलक कामोद रागातलं. गायिका ते काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी हा षड्ज धरून) गाणार आहे. तिचा देस राग शिकून झालाय, तिलक कामोद झालेला नाही. सूर कुठेही चुकत नाहीत, पण ऐकणाऱ्याला देस ऐकल्यासारखं वाटतं. साथीला पेटी, तबला आणि एक ॲकॉस्टिक गिटार आहे. अगदीच जमलं नाही तर कराओके ट्रॅक खाली उतरवून घ्यायचा विचार आहे. नेमकं काय चुकतंय, आणि कुठून दुरुस्त करायला घ्यावं? प्रीतमची बाकीची गाणी इतकी सहज बसली आणि हेच का अडावं, हेही कळत नाहीये.

पेटीवाला_काळीदोन

आधी शेवटच्या वाक्याबद्दल, कारण निवेदनात हे चुकायला नको. ‘आओगे जब तुम’ प्रीतमचं नाही. चित्रपटाची बाकीची गाणी प्रीतम आणि इर्शाद कामिल यांची, पण हे एक गाणं संदेश शांडिल्य यांनी स्वरबद्ध केलंय आणि शब्द फ़ैज़ अन्वर यांचे आहेत. ‘कभी खुशी कभी ग़म’मधलं ‘सूरज हुआ मद्धम’ही शांडिल्य यांचंच. कार्यक्रमात चारही गाणी ‘प्रीतमची’ म्हणून जाहीर होतात आणि या दोघांचं नाव राहून जातं. तुम्ही ते आवर्जून घ्या.

आता देसबद्दल. दोन्ही राग खमाज थाटाचे, दोन्ही रात्रीचे, दोन्हीत रिषभ-पंचमाला (रे-प) मान. त्यामुळे सूर ‘बरोबर’ लागूनही राग बदलतो. फरक चालीत आहे.

देस सरळ चढतो: सा रे म प नि सां. उतरताना सां नि॒ ध प (खालची रेघ म्हणजे कोमल), म ग रे असा रिषभावर येऊन बसतो. हा ‘म ग रे’ आणि त्यानंतरचा मुक्काम म्हणजे देसची सही.

तिलक कामोद वाकडा चालतो. त्याचे तुकडे असे (अक्षराखाली टिंब म्हणजे मंद्र, खालचं सप्तक; वर टिंब म्हणजे तार, वरचं सप्तक):

प़ नि़ सा रे ग सा
रे प म ग, सा रे ग सा नि़
रे म प ध म प सां
सां प, ध म ग, सा रे ग सा नि़

बघा, गंधारावरून तो रिषभावर उतरून थांबत नाही. ‘ग सा’ असा थेट येतो आणि बरेचदा मंद्र निषादावर जाऊन टेकतो. ते टेकणं थोडं अधांतरी वाटतं, काहीतरी यायचं राहिलंय असं. चित्रपटात हे गाणं शिमल्याच्या प्रसंगांवर येतं. सतत बडबड करणारी नायिका गीत तिथे गप्प होऊन शाळेत शिकवत असते. वाट पाहण्याच्या गाण्याला हा राग निवडणं ही मला शांडिल्य यांच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. रिषभावर निवांत बसलात तर वाट पाहणंच संपतं.

तुमची गायिका देस शिकलेली आहे, म्हणजे तिचा गळा सवयीने ‘म ग रे’ घेणार. तिथेच लक्ष द्या, बाकी नंतर.

रियाज_रोज

पेटीवाल्यांच्या उत्तराला जोडून रियाजाचा क्रम देते. गाणं आठवडाभर बाजूला ठेवायचं, हे महत्त्वाचं. गाण्यातूनच राग दुरुस्त करायला गेलं की शब्दांबरोबर जुनी सवय परत येते.

तानपुरा काळी चारला, पहिली तार पंचमाला. रोज अर्धा तास पुरतो. पहिले दोन दिवस फक्त ‘सा रे ग सा’ आणि ‘प़ नि़ सा रे ग सा’, आकारात, प्रत्येकी वीस-पंचवीस वेळा. गंधारावरून षड्जावर येताना रिषभाचा कणही (ओझरता स्पर्शही) लागू द्यायचा नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावं, कारण गाताना तो कण कळत नाही, ऐकताना लगेच कळतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘रे प म ग, सा रे ग सा नि़’. इथे ‘ग’वर छोटा थांबा आणि मग ‘सा रे ग’ नव्याने सुरू करायचं. तो थांबा गाळला की ‘म ग सा रे’ होतं आणि गळा देसच्या रस्त्याला लागतो.

पाचव्या दिवसापासून वरची बाजू. तार षड्जावरून पंचमावर येताना मधे निषाद-धैवत मोजायचे नाहीत, मींडेने (स्वर घसरवत) थेट उतरायचं. बहुतेकांचा कोमल निषाद इथेच घुसतो. काही गायक तिलक कामोदात कोमल निषादाचा कण घेतात, ती चूक नाही. पण ज्याच्या गळ्यात देस पक्का आहे त्याने सुरुवातीला तो पूर्ण बंद ठेवावा.

‘नीर भरन कैसे जाऊँ’ ही या रागातली जुनी बंदिश मध्यलयीत शिकून घेतली तर वरचे सगळे तुकडे शब्दांसकट बसतात. मग गाण्याकडे या. मूळ गाणं पाऊणपट वेगाने ऐकता येतं, पट्टी बदलत नाही. चार-पाच सेकंदांचा तुकडा लावायचा, थांबवायचा, सरगम लिहायची. आयती सरगम इंटरनेटवरून उचलू नका, त्यात ‘ग सा’च्या जागी ‘ग रे सा’ सर्रास सापडतं.

आणि एक विनंती. मूळ गाणं गाणाऱ्या उस्ताद राशिद ख़ान यांचा आवाज उतरवायचा प्रयत्न करू नका. ते रामपूर-सहसवान घराण्याचे, उस्ताद निसार हुसेन ख़ान यांचे शिष्य. त्यांचा तो भरलेला, गोल लागणारा स्वर ख्यालाच्या तालमीतून आलाय. घसा जड करून तो मिळत नाही, उलट स्वर खाली सरकतो, विशेषतः मंद्र निषाद. त्यांच्या मुरक्यांपैकी दोन-तीनच घ्या, पण स्वच्छ घ्या. ९ जानेवारी २०२४ रोजी ते गेले. आता या गाण्याला प्रत्येक कार्यक्रमात लोक कान देऊन ऐकतात, तेव्हा कमी पण खरं गायलेलं जास्त पोचतं.

सहातारी

गिटारबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण देस गिटारमधूनही येत असेल.

काळी चारला कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावून ‘जी’चे आकार वाजवा: जी, सी, डी, ई मायनर, ए मायनर. एवढे पाच पुरतात. ‘सी’वर जायच्या आधी ‘जी सेव्हन’ घेण्याची गिटारवाल्यांची सवय असते. त्या ‘जी सेव्हन’मधला चौथा स्वर म्हणजे कोमल निषाद. गायिका शुद्ध निषाद सांभाळतेय आणि पाठीमागे तुम्ही देसचा निषाद वाजवताय, असं होतं. तो कॉर्ड या गाण्यापुरता वर्ज्य समजा. ‘एफ’चा आकारही नको, त्यातही तोच स्वर आहे.

दुसरी जागा मंद्र निषादाच्या न्यासाची, म्हणजे थांबण्याची. गायिका ‘नि़’वर थांबली असताना ‘जी’ वाजत राहिला तर तिचा निषाद आणि तुमचा षड्ज शेजारी-शेजारी घासतात. ऐकणाऱ्याला गायिकाच बेसूर वाटते. तिथे ‘डी’ घ्या, त्यात तिचा निषाद आहे. पुढे ती षड्जावर आली की ‘जी’.

स्ट्रमिंग नको, बोटांनी तारा छेडा. आलापाच्या वेळी गिटार पूर्ण बंद.

चांदणवेल

‘जी सेव्हन’ अगदी बरोबर पकडलंत, मुखड्याच्या दुसऱ्या ओळीला तोच वाजत होता. तो काढल्यावर निम्मा फरक लगेच पडला. आता पेटी, तबला आणि ट्रॅकचं सांगाल का? पेटीवादक तार षड्जावरून पंचमावर येताना मधली जागा भरून काढतात.

पेटीवाला_काळीदोन

पेटीवर मींड नाही, ही वाद्याची मर्यादा आहे. म्हणून हात आपोआप सां नि ध प असा जिना उतरतो. उपाय दोन. एक, तिथे वाजवूच नका. तार षड्ज धरून ठेवा, भाता हलका करा आणि गायिका पंचमावर पोचल्यावर पंचम द्या. दुसरा, सां आणि प ही दोन्ही बोटं क्षणभर एकत्र ठेवून सां सोडा. अर्धा सेकंद पुरे. यात मींडेचा भास होतो आणि मधले स्वर ऐकू येत नाहीत. मुखड्याच्या मधल्या भरणीतसुद्धा ‘म ग रे’ टाळा, ‘रे प म ग, सा’ एवढंच वाजवा. साथीदाराने एकदा रिषभावर मुक्काम केला की गायिकेने कितीही सांभाळलं तरी पुढच्या ओळीला ती तिकडेच ओढली जाते.

ठेका_सांभाळ

तबला: काळी चारच्या षड्जाला दायाँ (उजव्या हाताचा तबला) लावायचा तर मोठ्या तोंडाचा ढाला तबला लागतो. तो सगळ्यांकडे नसतो, आणि मोकळ्या जागेत त्याची आस लवकर विरते. त्यापेक्षा पंचमाला लावा. काळी चारचा पंचम काळी दोन येतो, त्या स्वराचा तबला सहज मिळतो. या रागात पंचमाला मान असल्याने तो शोभतोही. गच्चीवर रात्री दव पडतं, पुडी (तबल्याचं कातडं) ओलावते आणि स्वर उतरतो. चार गाण्यांच्या मधे एकदा तरी सूर तपासायला वेळ ठेवा आणि तोवर तबला कापडाखाली झाकून ठेवा.

ट्रॅकचा विचार सोडून द्या असंच सांगेन. समजा ट्रॅक काळी एकमध्ये आहे, तर काळी चारपर्यंत पाच अर्धस्वर खाली जावं लागतं. दोन अर्धस्वरांपर्यंत कानाला खटकत नाही. त्यापुढे तबल्याची चाट बोथट होते, तारांची टोकं पुसली जातात आणि सगळं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं. वर पट्टी चढवली तर उलटं, तबला डब्यासारखा वाजतो. ‘मौजा ही मौजा’सारख्या दणदणीत गाण्यात हे झाकलं जातं, इथे नाही. शिवाय ट्रॅक गायिकेसाठी थांबत नाही, आणि या गाण्याचा जीव थांबण्यात आहे.

ट्रॅक वापरा की वाजवून घ्या, सगळ्यात आधी पट्टी पुन्हा तपासा. मूळ गाण्यातला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा स्वर शोधा आणि काळी चारला ते दोन्ही गायिकेच्या गळ्यात बसतात का बघा. काळी चारचा मंद्र पंचम साधारण १५६ हर्ट्झला येतो. अनेक बायकांचा आवाज तिथे नुसता श्वासासारखा होतो. तसं होत असेल तर काळी पाच करून बघा. मग दायाँ पंचमाला म्हणजे पांढरी चारला, आणि गिटारचा कॅपो तिसऱ्या फ्रेटवर.

रियाज_रोज

माइकचं थोडं. मोकळ्या जागेत खोलीसारखा घुमारा नसतो, म्हणून ध्वनिवाले प्रतिध्वनी भरमसाट वाढवतात. या गाण्याला सुट्या आवर्तनाचा ‘एको’ पूर्ण बंद करायला सांगा. मंद्र निषाद ‘एको’मध्ये पुढच्या षड्जावर पडतो आणि दोन्ही मिळून कर्कश होतात. दीड सेकंदाच्या आसपासचा मऊ रिव्हर्ब पुरतो. आवाजातला खालचा गाळ १०० हर्ट्झच्या खाली कापला तरी चालेल, त्यापेक्षा वर कापला तर मंद्रातला भरणा जातो. खाली गाताना माइक दोन बोटांवर, वरच्या षड्जाला चार-पाच बोटांवर. गायिकेच्या मॉनिटरमध्ये तानपुरा आणि तिचा आवाज, गिटार जवळजवळ नको.

पेटीवाला_काळीदोन

क्रमाबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. ‘मौजा’नंतर लगेच ‘आओगे’ घेऊ नका. ढोलाने भरलेल्या कानाला मंद्र निषाद ऐकूच येत नाही, आणि गायकाचाही श्वास वर गेलेला असतो. ‘ये इश्क हाये’, मग ‘तुम से ही’, मग ‘आओगे’, शेवटी ‘मौजा’. ‘ये इश्क हाये’साठी श्रेया घोषाल यांना पार्श्वगायनाचं आणि सरोज ख़ान यांना नृत्यदिग्दर्शनाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं होतं, निवेदनात ते आलं तर सुरुवातही चांगली होते. तिलक कामोद रात्रीच्या दुसऱ्या प्रहराचा मानतात, म्हणजे नऊ ते बारा. कोजागरीला दूध आटेपर्यंत तीच वेळ होते, तेव्हा ‘आओगे’ दहाच्या सुमारास येईल असं बघा.

‘तुम से ही’ वेगळ्या पट्टीत असेल तर मधे वीस-तीस सेकंद नुसता तानपुरा वाजू द्या, निवेदनही नको. आधीच्या गाण्याचा षड्ज कानातून जायला तेवढा वेळ लागतो. तिकीट लावणार असाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेचा) परवाना आधी काढा आणि अर्जातल्या गाण्यांच्या यादीत शांडिल्य आणि अन्वर यांची नावं नीट भरा.