अनुभव धागा : पोरांना घेऊन खानदेशात कुठे कुठे हिंडलात?

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की जळगाव-धुळ्याच्या फ्लॅटांतून एकच प्रश्न निघतो, पोरांना न्यायचं कुठे? पुण्या-मुंबईहून घरी येणाऱ्यांचाही तोच. उत्तर ठरलेलं असतं, मॉल नाहीतर वॉटर पार्क, आणि वर पालुपद, ‘आपल्या खानदेशात आहे काय, ऊन!’ ऊन आहे, नाही कोण म्हणतं? म्हणून तर इथली सहल आधी महिना आणि घड्याळ बघून ठरवायची आणि ठिकाण मागाहून, असं माझं ठाम मत. वर सातपुडा, खाली सातमाळा-अजिंठ्याची रांग, मधून तापी. पोरांना गुंतवायला एवढं पुष्कळ झालं.

अट एकच. मुलांना घेऊन स्वतः गेला असाल तरच लिहा. केव्हा गेलात, चालावं किती लागलं, सावली-पाणी कुठे होतं आणि पोरांनी तिथे नेमकं काय केलं ते सांगा. फोटो मागाहून टाका. सुरुवात मीच करते.

जळगाव (धागाकर्ती)

डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे भरीत पार्टीची आमंत्रणं सुरू होतात. कुणा ना कुणाचं शेत असतंच, नसलं तर आसोदा-बामणोदकडे ओळख काढायची. भरताची वांगी हिरवी, पांढरट झाक असलेली, बी कमी. २०१६ साली जळगावच्या या वांग्याला आणि केळीला, दोघांनाही भौगोलिक मानांकन मिळालं. पण पोरांना त्याचं काय! पोरांना काम द्यावं लागतं. वांग्याला काडीने टोचे मारायचं काम पाच वर्षांचं पोरही करतं. टोचे नसले तर वांगं जाळात फुटतं. तुरकाठ्यांचा जाळ मोठ्यांनी सांभाळायचा. सालं काळी पडून वांगी मऊ झाली की परातीत काढायची, मग सोलणं. आमची कन्या आठ वर्षांची. बोटं पाण्यात बुडव, गरम साल ओढ, ‘हाय हाय’ कर, परत बुडव, असं तासभर चाललं होतं. घरी पानात वांगं पडलं तर हीच बाई उठून जाते. मग लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचणं, शेंगदाणे, कांद्याची पात, आणि केळीच्या पानावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची पुरी. संध्याकाळी पाचनंतर शेतात गारठा पडतो, स्वेटर न्याच. मोबाइल कुणी मागितला नाही, कारण हात वांग्याने भरलेले होते.

धुळे, बाबा

लळिंग. शहरापासून दहाएक किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला अगदी खेटून, म्हणून रोज दिसतो आणि कुणी चढत नाही. फारुकी राजवटीतला किल्ला. पोरगा सहावीत, पोरगी दुसरीत. उजाडायच्या आत घर सोडलं, कारण चढावर सावली नावालाच आहे. पोरांच्या चालीने तास-सव्वा तास धरा. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पोरांना ती पाहण्यापेक्षा त्यात ओरडायला जास्त आवडलं, प्रतिध्वनी घुमतो. हे टाकं माणसांनी छिन्नीने कोरलंय हे पोरीला पटेना. तिने हाताच्या मुठीने खडकावर मारून बघितलं, मग म्हणाली, ‘किती वर्षं लागली असतील?’ मला सांगता आलं नाही. तटावरून महामार्ग दिसतो. दोघांनी बसून ट्रक मोजले, रंगावरून पैजा लावल्या. साडेनऊला खाली, धुळ्यात परत येऊन पोहे. पाणी घरूनच न्या, माणशी दोन लिटर. टाक्यातलं पिऊ नका. मार्चनंतर जायचं नावही काढू नका.

पुणे, माहेर चाळीसगाव

आमचं दरवर्षीचं पाटणादेवी. चाळीसगाव स्टेशनपासून अठराएक किलोमीटर, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. पावसाळा सरता सरता, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर हा खरा काळ. देवळापर्यंत गाडी जाते, त्यामुळे आजी-आजोबाही येतात. धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटेवर झाडी आहे. दगड शेवाळलेले असतात, तेव्हा पोरांना चपला घालून नेऊ नका. केदारकुंडाचं पाणी शांत दिसतं आणि आत खोल आहे. पाय बुडवायला तिथे मुलांना जवळ जाऊ द्यायचं नाही, हा आमच्या आईचा कायदा. तो कुणी मोडलेला नाही.

आता गंमत. याच पाटणात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. १२०७ च्या सुमाराचा तसा शिलालेख इथे डॉ. भाऊ दाजी लाडांना सापडला. माझा भाऊ गणिताचा मास्तर, त्याने पोरांना देवळाच्या ओट्यावर बसवून भास्कराचार्यांचंच एक कोडं घातलं. भुंग्यांचा थवा आहे. त्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्शांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट कुड्यावर. एक भुंगा केतकी आणि मालतीच्या वासाने वेडा होऊन मधेच घिरट्या घालतोय. भुंगे किती? भाचीने खडे गोळा करून ढीग मांडले, विस्कटले, परत मांडले. सुटलं! पण मोठी माणसं अजून कागद शोधत होती, म्हणून उत्तर इथे लिहीत नाही. तुमच्या पोरांना करू द्या.

भुसावळ, आजोबा (रेल्वेतून निवृत्त)

वरच्या ताईंनी चांगदेव म्हटलं म्हणून सांगतो, मुक्ताईनगरजवळचं चांगदेव ते वेगळं. ते योगी चांगदेवांचं, तापी-पूर्णेच्या संगमावर. नातवंडं दोन्ही चांगदेव एकच समजतात.

तर हिवाळ्यात नातवाला घेऊन हतनूर धरणाच्या पाणवठ्यावर जातो. धरणाला ४१ दरवाजे, ते मोजून झाले की पोरगं शांत होतं. मग पक्षी. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, नशीब असलं तर पट्टकादंब. पट्टकादंबाच्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतात, आणि हा गडी हिमालय ओलांडून येतो. नातवाला आधी वाटलं आजोबा फेकतायत. दुर्बीण महागडी नको, साधी चालते. तिला गळ्यात अडकवायची दोरी मात्र पाहिजे, नाहीतर पहिल्या दिवशीच पाण्यात. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा. लाल-पिवळे कपडे नकोत, गाणी नकोत. एक जण हॉर्न वाजवत आला, सगळा थवा उठला, आणि नातू त्याला सरळ म्हणाला, ‘काका, तुम्ही घरी जा.’ मी रागावलो नाही.

परतताना चांगदेवाचं दगडी देऊळ. डब्यात दशम्या न्याव्यात, त्या प्रवासात टिकतात.

यावल तालुका

मनुदेवी. आडगावापासून आत, सातपुड्याच्या घळीत देऊळ आणि मागे धबधबा. श्रावणात सुंदर, पण एक गोष्ट ऐका. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झाला की नाल्याला अचानक पाणी येतं. आम्ही गेलो तेव्हा प्रसादाच्या दुकानातले दादा ओरडले, ‘वर पानी चालू हाये, पोरं बाहेर काढा!’ काढली. थोड्याच वेळात पाण्याचा रंग मातकट झाला. गावातला माणूस ‘निघा’ म्हणाला की वाद घालायचा नसतो. बाकी वाटेतल्या केळीच्या बागा हीच अर्धी सहल. शहरातल्या पोरांना घड खालून वर वाढतो की वरून खाली, हे बघू द्या.

चोपडा

अडावदजवळचं उनपदेव. गरम पाण्याचा झरा, थंडीत सकाळी जा. पाच मिनिटांत पाहून होतं, पण पोरं तासभर हात घालून बसतात. ‘याला गिझर कुठे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक पोर विचारतं. (शहाद्याकडेही एक उनपदेव आहे, मॅप लावताना नीट बघा.)

नंदुरबार, शिक्षिका

तोरणमाळ सगळेच सांगतील, म्हणून आधी मिरचीची पथारी सांगते. हिवाळ्यात नंदुरबारच्या आजूबाजूला मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, नजर जाईल तिथवर लाल. शेजारच्या सुरतच्या पाहुण्यांची मुलं नेली होती. गाडीची काच खाली केली आणि पहिल्या मिनिटाला चौघांना शिंका. मग रुमाल बांधून, मालकांना विचारून कडेकडेने फिरलो. बाया बसून देठं खुडत होत्या. एका आजीने मुलीच्या हातात मूठभर मिरच्या दिल्या, ‘कर’ म्हणाल्या. तिने दहा देठं खुडली, नंतर डोळा चोळला आणि पुढचा अर्धा तास आम्ही तोंडावर पाणी मारत होतो. तेवढं एक बजावून ठेवा, हात डोळ्याला नाही. आजींनी दिवसभरात किती पोती भरतात आणि मजुरी किती मिळते ते सांगितलं. ते आकडे मुलांनी घरी जाऊन स्वतः वहीत लिहिले.

आता तोरणमाळ. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटर, अकराशे मीटरच्या वर उंची. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरांना न्यायला खरंतर ही एकच जागा. यशवंत तलाव, सीताखाई, खडकी पॉइंट, हे सगळं कमी चालीचं. सीताखाईच्या कड्यावर मात्र हात धरूनच उभं राहायचं. महाशिवरात्रीला गोरखनाथांची मोठी यात्रा असते, लहान मूल असेल तर ते दिवस टाळा. रात्र काढणार असाल तर मे महिन्यातही चादर न्या. एकदा आम्ही राहिलो तिथे जेवणात शहरातल्यासारखं पनीर वाढलं, तेही गार. दुसऱ्या दिवशी गावातल्या एका घरी सांगून भाकरी आणि तुरीची डाळ करून घेतली, पोरांनी ताटं चाटली.

साक्री

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास बारीपाड्याचा वनभाजी महोत्सव. गावाने सुमारे ११०० एकर जंगल स्वतः राखलंय. त्यासाठी चैत्राम पवारांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. आदिवासी बाया रानातल्या भाज्या शिजवून मांडतात, सोबत कच्ची भाजीही ठेवलेली असते. मुलांना एक खेळ द्या, शिजलेली भाजी आणि तिचं पान यांची जोडी लावायची. आमचा मुलगा भाजी म्हटलं की तोंड वाकडं करतो. त्याने जिंकायच्या नादात सगळ्या चाखल्या. जोड्या बऱ्याचशा चुकल्या, ते वेगळं. तारीख दरवर्षी आधी विचारून घ्या.

शहादा

सारंगखेड्याचा घोडेबाजार, दत्तजयंतीला, तापीकाठी. पोरांना घोड्याच्या मागून चालू देऊ नका. बाकी वर्णन करत नाही, जा.

अमळनेर, आजी (नात टाईप करून देतेय)

सगळे डोंगर-धबधबे सांगताहेत, आमच्या आखाजीचं कुणी बोलत नाही. अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. मुंबईच्या माझ्या नातींना बागेतला लोखंडी झोका माहीत. निंबाच्या उंच फांदीचा दोराचा झोका घेतला तेव्हा मोठीचा श्वास अडकला, खाली उतरल्या उतरल्या म्हणे, ‘आजी, परत.’ झोका बांधताना फांदी आधी बापाने लोंबकळून बघायची, हा नेम. दोर नवा घ्यायचा, नायलॉनचा नको, हात सोलतात. दुपारी अंगणात कुणी फिरकत नाही, ऊनच तसं. दुपार आमरसाची आणि झोपेची. झोके सकाळी आणि दिवस मावळल्यावर, गाणी म्हणत. खापरावर मांडे करताना पोरींना जवळ बसवावं. सूनबाईने मांडा हातावर फिरवत मोठा केला, कोपरापर्यंत आला, आणि धाकटी टाळ्या पिटायला लागली. याला तिकीट नाही.

ठाणे

धागा वाचला, छान आहे. पण आम्हाला सुट्टी फक्त मे महिन्यात, तीही जळगावात. मुलं सात आणि तीन वर्षांची. काय करू?

धागाकर्ती

ताई, सकाळी सहा ते नऊ मेहरूण तलाव. सायकली भावाकडून मागून घ्या. मग जैन हिल्सवर गांधीतीर्थ, गांधीजींवरचं संग्रहालय. २०१२ साली सुरू झालंय, आत गारवा आहे आणि मोठ्याला वाचण्या-ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. धाकट्याला तासाभरात भूक लागेल. एक दिवस अजिंठा, साठेक किलोमीटर. सोमवार सोडून जा, सोमवारी लेणी बंद असतात. सकाळी उघडताच आत शिरायचं, अकराच्या आत परत. तीन वर्षांच्याला सगळी लेणी दाखवायचा हट्ट नको. पहिली आणि दुसरी पुरे. छतावरचे हत्ती आणि हंस शोधायला सांगा.

नंदुरबार, शिक्षिका

आणि दोन दिवस मिळाले तर आमच्याकडे या. तोरणमाळच्या घाटात लहान मुलांना हमखास मळमळतं. शहाद्यात पोटभर खाऊ घालू नका, चार घास द्या, पुढच्या काचा उघड्या ठेवा आणि आवळासुपारी हाताशी असू द्या. घाट चढून गेल्यावर गाडी थांबवून पाच मिनिटं पोरांना पळू द्या, मग जेवायचं बघा.