स्टॉकहोमचा हिवाळा आणि मन: दिवा घ्यावा का?

रानजाई
पुण्याहून मार्चमध्ये इथे आले. जूनमध्ये रात्री दहालाही लख्ख उजेड, तेव्हा भारी वाटलं होतं. आता नोव्हेंबर लागल्यापासून काही खरं नाही. चारच्या आत ऑफिसच्या खिडकीबाहेर मिट्ट काळोख. दहा तास झोपूनही अंग जड, सारखा पाव नाहीतर गोड खावंसं वाटतं, आईचा फोनही टाळते. नवरा म्हणतो थंडीचा आळस आहे. ऑफिसातले म्हणतात दिवा घे, तो उजेडाच्या उपचाराचा, सकाळी समोर लावून बसायचा. कुणी वापरलाय का?

उंबराचं_फूल
आळस नाही गं. खूप झोप, गोडाची ओढ, माणसं नकोशी होणं, ही ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याची नेहमीची लक्षणं आहेत. 1984 साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं. नवऱ्याला वाचायला दे!

दिवा मी वापरते. 10,000 लक्सचा घे (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप), पण खोक्यावर किती अंतरावर तेवढे लक्स मिळतात ते बघ. काही स्वस्त दिवे अगदी नाकाशी धरावे लागतात. अतिनील किरण गाळणारा हवा. उठल्या उठल्या 20-30 मिनिटं, जरा बाजूला ठेवून. त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, पोहे खात बसलं तरी चालतं. संध्याकाळी लावू नकोस, झोप उडते. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, बायपोलर (मन कधी अति उत्साही, कधी अगदी खचलेलं असा आजार) किंवा उन्हाचा त्रास वाढवणारी औषधं असतील, तर आधी डॉक्टर.

जुना_वाडेकर
दिवा ठीक, पण जेवणाच्या सुट्टीत बाहेर पडाच. आभाळ भरलेलं असलं तरी दुपारचा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्यांच्या कितीतरी पट असतो. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवून पावणेतीनला मावळतो, म्हणजे ऑफिसात बसलात की दिवस गेला. नोव्हेंबर सगळ्यात वाईट, कारण खाली ओला काळा रस्ता. बर्फ पडला की उजळ वाटतं.

ड जीवनसत्त्व तपासून घ्या. इथल्या हिवाळ्यातल्या उन्हात ते तयारच होत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीला जास्त ऊन लागतं. पण नुसत्या गोळीने मन ताळ्यावर येईल असं समजू नका. आणि कंपनी व्यायामाला भत्ता देत असेल तर तो वापरा. आम्ही शनिवारी बॅडमिंटन खेळतो, नंतर मिसळ असते.

सातारची_मावशी
आईचा फोन दुपारच्या फेरीतच कर की. तुझे बारा म्हणजे तिकडे साडेचार, तिचा चहा चाललेला असतो. संध्याकाळपर्यंत ठेवलंस तर तू दमलेली आणि तिला झोप आलेली.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त असंच राहिलं, काम होईना, तर 1177 ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन लाव, नाहीतर आपल्या आरोग्यकेंद्रात वेळ घे. सीबीटी या समुपदेशनाचाही यात चांगला उपयोग होतो. जगणं नको वाटलं तर वाट बघायची नाही, थेट 112, तातडीच्या मदतीचा नंबर. हे मी प्रत्येकीला सांगते, तू घाबरू नकोस.

रानजाई
धन्यवाद मंडळी. आरोग्यकेंद्राची पुढच्या बुधवारची वेळ मिळाली, दिव्याचं तिथे विचारूनच घेते. वाडेकरकाका, शनिवारी येऊ का? रॅकेट नाहीये माझ्याकडे.

जुना_वाडेकर
जादाची आहे. नवऱ्यालाही आणा, डबल्सला एक माणूस कमीच पडतो.