ऑगस्टा खरंच अवघड झालंय का?

प्रश्न: १९९७ला ऑगस्टा नॅशनल हे अमेरिकेतलं गोल्फचं मैदान ६,९२५ यार्ड होतं, आता साडेसात हजारांवर. तरी तिथल्या मास्टर्स स्पर्धेचा २०२०चा विजेता २० अंडर, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा २० कमी! मग अवघड झालं कुठे?

उत्तर १: ते नोव्हेंबरातलं मास्टर्स. ग्रीन (भोकाभोवतीची आखूड गवताची जागा) मऊ, बॉल पडला तिथेच थांबायचा. २००७ला गारठा, वारा, टणक ग्रीन. विजेता १ ओव्हर.

उत्तर २: गवत विसरू नका. १९८१पासून ग्रीनवर बर्म्युडा गवताऐवजी बेंटग्रास. पान बारीक, आखूड कापता येतं, वेग वाढतो. त्या उतारांवर पट (ग्रीनवरचा हलका फटका) जरा जोरात गेला की बॉल ग्रीनबाहेर.

उत्तर ३: तेरावं होल बघा. २०२३ला टी (पहिला फटका मारायची जागा) ३५ यार्ड मागे, ५१०चं ५४५. दुसऱ्या शॉटला लांब क्लब (काठी), बॉल पायांपेक्षा उंच, समोर पाण्याचा ओढा. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा बॉल हमखास डावीकडे जातो.