जुन्या गोव्यातला एक मनोरा कुठे गेला?

ताई: से कॅथेड्रल. आत्ताच बाहेर पडलो. फोटो टाकलेत.

आजी: एकच मनोरा दिसतोय गं. दुसरा फोटोत आला नाही का?

ताई: नाही आजी, दुसरा १७७६ सालीच कोसळला. मग कुणी बांधलाच नाही.

मामा: बांधणार कोण आई? साथीच्या रोगांनी गाव ओस पडलेलं. पोर्तुगीज व्हाइसरॉयसुद्धा १७५९ मध्येच पणजीकडे सरकला होता. हेच चर्च उभं करायला १५६२ ते १६१९ एवढी वर्षं घातली होती, तेव्हा गोव्याची चलती होती ना! संत कॅथरिनचं आहे ते. २५ नोव्हेंबर हा तिचा सण, आणि १५१० साली त्याच दिवशी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा घेतला.

मावशी: इतिहास राहू दे. वाढणारा क्रूस पाहिलास का?

ताई: हो, आत उजव्या हाताच्या चॅपेलमध्ये. १६१९ मध्ये त्यावर ख्रिस्त दिसला म्हणतात. लोक मनातलं मागत होते तिथे.

दादा: पावसाळ्यात आमचा दरवाजाही वाढतो 😄

मावशी: हसू नकोस. आपल्या पिंडी वर्षाला तिळातिळाने वाढतात म्हणतो, तेव्हा कोण टेप घेऊन जातं?

मी: मावशी, हे पटलं बरं का.

दादा: बरं, माघार. सोन्याची घंटा ऐकली का?

ताई: वाजली नाही. उरलेल्या मनोऱ्यातच आहे. गोव्यातली सगळ्यात मोठी म्हणतात. नाव तेवढं सोन्याचं.

मामा: इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या काळात जाहीर शिक्षा सुनावायच्या दिवशी हीच वाजायची.

आजी: अगं बाई! मग ती ऐकून लोकांच्या पोटात गोळाच येत असेल.

वहिनी: संत फ्रान्सिस झेवियरचं शव याच चर्चमध्ये आहे ना?

ताई: नाही वहिनी, रस्त्यापलीकडच्या बॉम जीझस चर्चमध्ये. शवाच्या प्रदर्शनाच्या वेळी मात्र इथे आणतात. मागचं ५ जानेवारी २०२५ ला संपलं. साधारण दहा वर्षांनी असतं.

आजी: म्हणजे आता २०३४! तोवर कोण थांबतंय. मला आत्ताच नेऊन आणा, लांबून पेटी दिसली तरी चालेल.

वहिनी: आजी, तिथे खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे लागतात हं.

आजी: नऊवारीत आणखी काय झाकायचं राहिलं गं? दादाला सांग, तो हाफ चड्डीत फिरतो.