बांगड्याचा थवा शेवटी उजवीकडेच का पळतो?

मिऱ्या_बंदर: रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्यात शिरणाऱ्या बांगड्याच्या थव्याचं सिम्युलेशन ब्राउझरमध्ये करतोय. जावास्क्रिप्ट, कॅनव्हास 1200 × 800, मासे 600. थव्याचं सिम्युलेशन मांडणाऱ्या क्रेग रेनॉल्ड्सचे तीनच नियम घेतलेत: अंतर राखणं, दिशा जुळवणं, घोळक्यात राहणं. नजरेचा टप्पा 50 पिक्सेल, अंतर राखायचा 20. कमाल वेग फ्रेमला 4 पिक्सेल, कमाल बल 0.1. उजव्या कडेतून बाहेर गेलेला मासा डावीकडून आत येतो.

तीन अडचणी आहेत.
एक, सुरुवातीला मासे कसेही सोडा, थोड्या वेळाने सगळा थवा उजवीकडेच जातो.
दोन, कडेला आला की थवा फाटतो, अर्धे मासे मागे वळतात.
तीन, मासे 3000 केले की चित्र अडखळतं.
नियमांची वजनं (कोणाचा जोर किती) बदलून पाहिली, फरक नाही.

खाडीकाठ: वजनांना हात लावू नका, चूक गणितात आहे. दिशा जुळवताना तुम्ही शेजाऱ्यांच्या कोनांची थेट सरासरी काढताय ना? कोन −180 ते 180 अंशांत मिळतो. डावीकडे जाणारे दोन मासे घ्या, एकाचा कोन 178, दुसऱ्याचा −178. दोघंही डावीकडेच निघालेत, पण सरासरी येते शून्य, आणि शून्य अंश म्हणजे उजवीकडे. डावीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येक घोळक्याला तुमचा कोडच मान धरून उलटा फिरवतो. उजवीकडे जाणाऱ्यांना हा त्रास नाही, म्हणून शेवटी तेच उरतात. कोन सोडून द्या, वेगाच्या एक्स आणि वाय घटकांची वेगवेगळी सरासरी घ्या.

थवा फाटण्याचं कारणही सरासरीच. एक मासा एक्स 1190 वर, शेजारी 10 वर. खरं अंतर 20 पिक्सेल, पण नुसती वजाबाकी केली तर 1180. फरक 600 पेक्षा जास्त आला तर 1200 वजा करा, −600 पेक्षा कमी आला तर 1200 मिळवा. वायसाठी तेच, 400 आणि 800 धरून. बरेच जण इथवर करतात आणि पुढे घसरतात: घोळक्याचा मध्य काढताना पुन्हा शेजाऱ्यांच्या मूळ जागांचीच सरासरी घेतात. 1190 आणि 10 यांचा मध्य 600 येतो, म्हणजे पडद्याच्या मधोमध, आणि मासे तिकडे वळतात. जागांची नको, दुरुस्त केलेल्या फरकांची सरासरी घ्या.

अजून एक बघून ठेवा. अंतर राखायचं बल अंतराच्या वर्गाने भागत असाल तर दोन मासे नेमके एकाच बिंदूवर आले की शून्याने भागाकार होतो आणि त्या माशाची जागा 'नॅन' होते, म्हणजे संख्याच उरत नाही. अंतराच्या तुलनेत तो आपोआप गळला तर ठीक, नाहीतर सरासरीतून शेजाऱ्यांना लागण होते आणि काही फ्रेममध्ये पडदा रिकामा. अंतर शून्य आलं तर ती जोडी सोडून द्या.

देवगड_किनारा: तिसऱ्या अडचणीचं. 3000 मासे म्हणजे दर फ्रेमला 3000 × 2999, जवळपास 90 लाख तुलना. पडद्याचे 50 पिक्सेलचे चौकोन पाडा: 24 × 16 = 384. प्रत्येक माशाने आपला आणि भोवतालचे आठ चौकोन तपासायचे. मासे सारखे पसरले असतील तर चौकोनात सरासरी आठेक मासे येतात, म्हणजे एकूण तुलना दोन लाखांच्या वर थोड्या. थवा एका कोपऱ्यात दाटला की हा फायदा बराच घटतो, तेव्हा चाचणी दाटलेल्या थव्यावर घ्या. चौकोन नजरेच्या टप्प्यापेक्षा लहान नको, नाहीतर शेजारी सुटतात.

आणि सगळ्या माशांचे नवे वेग आधी वेगळ्या यादीत काढा, मग एकदम सगळ्यांना हलवा.

मिऱ्या_बंदर: कोन काढून टाकले, उजवीकडचा ओढा गेला. फाटणंही थांबलं. आता कडा बंद करून किनारा आणि जाळं टाकलंय. भिंतीचं बल 40 पिक्सेलपासून सुरू होतं, तरी मासे भिंतीबाहेर जातात. जाळ्यातून तर सर्रास आरपार. थवा वळतो तेव्हा सगळे एकदम काठीसारखे सरळ, तेही खरं वाटत नाही.

खाडीकाठ: 40 पिक्सेलात तो मासा वळूच शकत नाही. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले बल: 16 भागिले 0.1, म्हणजे 160 पिक्सेल. भिंतीच्या बलाला स्वतंत्र मर्यादा द्या, 0.5 ठेवली तर त्रिज्या 32 होते. हे बल इतर तीन बलांच्या बेरजेत मिसळून मग 0.1 वर कापू नका. आधी भिंत, उरलं तर बाकीचं. रेनॉल्ड्सने 1987 च्या निबंधात असाच अग्रक्रम लावला होता.

जाळ्याचं वेगळं आहे. रेघ 2 पिक्सेल जाड आणि मासा फ्रेमला 4 पिक्सेल जातो, म्हणजे एका फ्रेमला अलीकडे, पुढच्या फ्रेमला पलीकडे. मधे तो जाळ्याला भेटतच नाही. जुनी जागा ते नवी जागा ही रेघ जाळ्याच्या रेघेला छेदते का ते तपासा. रापण ओढताना जाळंही सरकतं, म्हणून एका फ्रेमचे चार लहान टप्पे करा.

देवगड_किनारा: काठीसारखे सरळ, कारण दिशा जुळवण्याचं वजन जास्त आहे, सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणत शेजाऱ्यामागे निघालेत. प्रत्येकाच्या दिशेत थोडी यादृच्छिक डळमळ घाला. विचेक आणि सहकाऱ्यांच्या 1995 च्या मॉडेलचा गाभाच तो: डळमळ वाढवत नेली की एका टप्प्यावर थव्याची शिस्त मोडते.

डोळ्यावर विसंबू नका, मोजा. सगळ्यांच्या दिशांचे एकक सदिश (लांबी 1 असलेले बाण) बेरजून माशांच्या संख्येने भागा. 1 आलं तर सगळे एका दिशेला, 600 मासे अस्ताव्यस्त असतील तर 0.04 च्या आसपास. पण मासे गोल फिरत असले तरी हा आकडा शून्याजवळच येतो, म्हणून मध्याभोवतीचं फिरणंही सोबत मोजा. कूझिन आणि सहकाऱ्यांच्या 2002 च्या मॉडेलमध्ये माशाभोवतीच्या नुसत्या दिशा जुळवण्याच्या पट्ट्याची रुंदी बदलून विस्कळीत घोळका, गोल फिरणारा थवा आणि समांतर थवा असे प्रकार मिळतात. रापणीसाठी मी तेच घेईन. रोमच्या स्टार्लिंग पक्ष्यांवरून आलेला, फक्त जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांकडे बघायचा नियम पक्ष्यांचा आहे, बांगड्याला तो डोळे मिटून लावू नका.