मदत हवी आहे: स्वस्त पण नीट घडवलेल्या चिनी तलवारींची मालिका, कारखान्याला नेमकं काय लिहून द्यावं?

पूर्वेचा_वारा (धागाकर्ता)

न्यू जर्सीत ताईची आणि चिनी शस्त्रांचा सराव करणाऱ्यांसाठी तलवारींची छोटी मालिका सुरू करायची आहे. माल चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लोंगछुआनहून येणार. ग्राहकाला किंमत ३५० डॉलरच्या आत बसली पाहिजे. पहिली खेप ५० नगांची: ३० जिआन (सरळ, दुधारी) आणि २० दाओ (एकधारी, बाकदार).

कारखान्याचा प्रस्ताव असा:

जिआनचं पातं ७४ सेमी, रुंदी मुठीपाशी ३२ मिमी व टोकाजवळ २२ मिमी, जाडी ६ मिमी. वजन साधारण ८५० ग्रॅम. पोलाद "घडीचं दमास्कस" (थरांची नक्षी दिसणारं) किंवा टी-१० (जास्त कार्बनचं), मातीचा लेप देऊन पाण्यात कडक केलेलं. गार्ड (पातं आणि मुठीमधला आडवा भाग) आणि लट्टू (मुठीच्या टोकाचा गोळा) "मिश्रधातू". मूठ व म्यान "रोझवुड". दाओ न्यूवेई पद्धतीची, म्हणजे टोकाशी बैलाच्या शेपटीसारखी पसरणारी.

अडचण अशी की नमुना हातात घेतला की पुढे लोंबतो, दहा मिनिटांत मनगट भरून येतं. लट्टू जड करून देतो असं ते म्हणतात. ते पुरेल का? आणि बजेट तेवढंच ठेवून पैसे कुठे वाचवायचे, कुठे घालायचे?

---

ऐरण

लट्टू जड करू देऊ नका. दुखणं पात्यात आहे आणि ते तुमच्याच आकड्यांतून दिसतंय: जाडी ६ मिमी, बस. एकच आकडा. जुन्या, छिंग राजवटीच्या काळातल्या जिआनचं पातं मुठीपाशी सहा-सात मिमी असतं आणि टोकापर्यंत उतरत दोन-तीन मिमीवर येतं. तुमचं पातं कण्याशी (मधल्या उभ्या उंचवट्याशी) शेवटपर्यंत ६ मिमीच आहे. सपाट पट्टी कापायची, दोन्ही बाजूंनी उतार घासायचे, झाली तलवार.

हिशेब करून बघा. चौकटच्या पानासारखा छेद धरला तर क्षेत्रफळ म्हणजे रुंदी गुणिले जाडी भागिले दोन. सरासरी रुंदी २७, जाडी ६, म्हणजे ८१ चौ. मिमी. ७४ सेमी लांबीला आकारमान ६० घन सेमी आणि पोलादाची घनता ७.८५ धरून वजन ४७० ग्रॅम. आता तीच रुंदी ठेवा, पण जाडी ६.५ वरून २.८ मिमीपर्यंत उतरवा. पातं ३७५ ग्रॅमच्या आसपास येतं. फरक ९५ ग्रॅमचा, आणि त्यातले ८० ग्रॅम पुढच्या अर्ध्या भागातून गेलेले. मनगटाला तेच जाचतात. तोल गार्डपासून साधारण १६-१७ सेमीवर असेल तो १२ च्या आसपास येतो, एकूण वजन ७५५ ग्रॅमच्या आसपास.

जड लट्टूने तोलाचा बिंदू मागे येतो हे खरं, पण पुढचे ८० ग्रॅम तिथेच राहतात आणि वर मागे आणखी शंभर चढतात. बोटावर तलवार तोलून दाखवली की छान वाटते, फिरवली की घणासारखी चालते.

करारात जाडी पाच ठिकाणी लिहा: गार्डपाशी ६.५, मग १८ सेमीवर ५.६, ३७ वर ४.६, ५५ वर ३.७ आणि टोकाआधी ३ सेमीवर २.९. मापात कमी-जास्त ०.३ मिमी चालेल. व्हर्नियरने कण्यावर मोजायचं. "टोकाकडे निमुळतं" असं शब्दांत लिहिलंत तर रुंदीचा निमुळतेपणा दाखवून हात वर करतील, कारण तो आहेच.

हे काम फुकट होत नाही. एक तर ७ मिमीच्या पट्टीपासून सुरुवात करून पॉवर हॅमरखाली टोकाकडे ओढून घ्यायचं, नाहीतर कडक करण्याआधी दोन्ही अंगांनी उतरतं ग्राइंडिंग करायचं. तुमच्या ५० नगांसाठी दुसरा मार्ग बरा, माप एकसारखं येतं. पैसे इथे घाला.

---

पाणीदार

पोलादाबद्दल. दमास्कस आणि मातीचा लेप, दोन्ही खोडा.

घडीच्या पोलादात प्रत्येक घडी म्हणजे जोडाची एक जागा. नीट वेल्ड झालं तर उत्तम, पण या किमतीत आत राहिलेली खपली किंवा उघडा जोड पॉलिशच्या शेवटच्या टप्प्यात दिसतो आणि तोवर सगळी मजुरी खर्च झालेली असते. नक्षीमुळे बळ वाढत नाही. कारखान्याकडे नक्षी आम्लाने वरून उठवलेली आहे का तेही विचारा. कोपऱ्यात बारीक एमरीने घासलं की अशी नक्षी पार जाते. खरी नक्षी फिकी पडते, पण पुन्हा आम्ल लावलं की वर येते.

टी-१० मध्ये कार्बन १ टक्क्याच्या आसपास. त्याला पाण्यात पाणी दिलं (तापवून एकदम बुडवून कडक केलं) की धारेला तडे जाण्याचा धोका मोठा, आणि जिआनला धारा दोन, म्हणजे धोकाही दुप्पट. शिवाय मातीच्या लेपाने उठणारी ती धुरकट रेघ जपानी तलवारीच्या गिऱ्हाइकाची मागणी आहे. चिनी पात्याची जुनी युक्ती वेगळी: मधे कडक पोलाद आणि दोन्ही गालांना (पात्याच्या सपाट बाजूंना) मऊ लोखंड, त्याला सानमेई म्हणतात. नीट केलेलं सानमेई ३५० डॉलरमध्ये बसणार नाही.

एकच पोलाद, पूर्ण कडक: १०६० किंवा ६५एमएन. दुसरं म्हणजे स्प्रिंगचं पोलाद, चीनमध्ये कुठेही मिळतं. ८२०-८३० अंश सेल्सिअसला तापवून तेलात पाणी द्यायचं, मग टेंपर करून (पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवून) ५० ते ५३ एचआरसी, म्हणजे रॉकवेल मापाने कडकपणा. ५६ च्या वर गेलं तर धार टवके टाकते, फार मऊ राहिलं तर पातं वाकलेलंच राहतं.

तीन गोष्टी कारखान्याला बजावून सांगा:

कडक करण्याआधी धारेची जाडी ०.८ ते १ मिमी ठेवायची. कागदासारखी धार करून तेलात बुडवली तर ती लाटेसारखी मुरडते, आणि ती लाट घासून काढताना रुंदी जाते.

पातं तेलात उभं, टोक खाली ठेवून सरळ जायला हवं. जरा तिरपं गेलं की एक गाल आधी निवतो आणि पातं बाजूला बाक घेतं. बाक टेंपरिंगच्या वेळी, पातं गरम असतानाच काढायचा. थंड पातं शिकंज्यात धरून वाकवलं तर वरवर सरळ दिसतं, पण पुढे पहिल्या जोरदार वाराला पुन्हा तिथेच वाकतं.

कडक झाल्यावर बेल्टवर घासताना धारेवर निळा रंग चढता कामा नये. निळा म्हणजे तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं. टेंपर त्याहून कमी तापमानाला केलेलं असेल तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. पॉलिश केल्यावर रंग निघून जातो, मऊपणा राहतो. म्हणून रॉकवेल चाचणी पॉलिशनंतर घ्या: मुठीपासून ५ सेमीवर, मध्यावर आणि टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात. खूण दिसते, त्यामुळे प्रत्येक तापवणीतला एकच नग यासाठी बळी द्यायचा.

---

म्यानमित्र

मुठीच्या आत काय आहे ते कोणी विचारलंच नाही. "मिश्रधातू" म्हणजे बहुतेक जस्ताचं ओतकाम. ते वाकत नाही, सरळ तुटतं. गार्ड पितळेचं किंवा पोलादाचं हवं.

टँग, म्हणजे मुठीत जाणारी पात्याची शेपटी, पात्याच्याच पोलादाची आणि अखंड असावी. स्वस्त मालात पातं मुठीत ४-५ सेमी जाऊन संपतं आणि पुढे आटे पाडलेली सळई वेल्ड केलेली असते. तुटते ती नेमकी वेल्डशेजारी. टँगची रुंदी सुरुवातीला किमान २० मिमी हवी आणि पातं जिथे टँग होतं त्या आतल्या कोपऱ्याला किमान २ मिमी त्रिज्येची गोलाई हवी. काटकोनी कोपरा म्हणजे तडा कुठे जाणार ते आधीच आखून ठेवणं. फोटोवर विश्वास नको. खेपेतली कुठलीही एक मूठ तुमच्या माणसासमोर उघडायची, अशी अट घाला.

जुन्या तलवारीत टँगचं टोक लट्टूतून बाहेर काढून ठोकून पसरवत. दणकट काम, पण लाकूड आटलं तर घट्ट करायची सोय नाही. लोंगछुआनची हवा दमट, तुमच्याकडे हिवाळ्यात हीटरची कोरडी. मूठ आटणार आणि गार्ड खुळखुळणार. या किमतीत टँगच्याच टोकाला आटे पाडून वर बसकी नट लावलेली मला जास्त प्रामाणिक वाटते. ऐरण यांना हे पटणार नाही, माहीत आहे.

लाकूड ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेलं मागा, मीटरने मोजून. नाहीतर जानेवारीत म्यानं उकलतील.

आणि रोझवुड नकोच. आपलं शिसव ज्या डालबर्जिया गटातलं, तो अख्खा गट २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांत आहे. तयार वस्तूंना काही वजनापर्यंत सूट आहे, पण ती तुमच्या खेपेला लागू होते का हे आधी तपासावं लागेल. परवाना लागत असून नसेल तर माल बंदरातच अडकेल. अक्रोड किंवा एल्म घ्या, बीजकावर लाकडाचं शास्त्रीय नाव लिहून घ्या.

---

ऐरण

नट चालेल, पण एका अटीवर: आटे पाडलेला भाग ८ मिमीपेक्षा बारीक नको आणि आटे कडक न केलेल्या भागावर पाडायचे. टँगचा मागचा हिस्सा मऊच ठेवायचा. ठोकून पसरवायलाही तो मऊच लागतो, म्हणजे कारखान्याला वेगळं काही करावं लागत नाही.

दाओचं राहिलं. न्यूवेई चित्रांत दिसते म्हणून सगळे तीच मागतात. ती एकोणिसाव्या शतकातली, छिंग काळाच्या उतरणीची, सैन्याची नव्हे तर नागरी वापरातली तलवार. पसरट टोक नीट चालायचं तर तिथे जाडी २ मिमीच्या आसपास हवी. ५ मिमीच्या पट्टीतून कापलेली न्यूवेई म्हणजे कोयता. पहिल्या खेपेत ल्यूये दाओ घ्या, विलोच्या पानासारखी, रुंदी जवळपास सारखी आणि बाक हळुवार. मुठीपाशी ७ मिमी, टोकाजवळ ३. उतरतं ग्राइंडिंग जमलेल्या कारखान्याला ती सोपी पडते.

---

पूर्वेचा_वारा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. सुधारलेली मागणी: ६५एमएन, ५०-५३ एचआरसी, पाच जागी जाडी, अखंड टँग आणि नट, पितळी गार्ड, अक्रोड. दाओ ल्यूये.

दोन प्रश्न उरले. धार चीनमध्येच लावून घ्यावी का? आणि ७४ सेमी पातं सगळ्यांना चालेल का?

---

कस्टमकुटाणे

धार नको. धार लावलेली पाती चीनमधल्या कुरिअरवाल्यांना नको असतात, आणि सरावाच्या गिऱ्हाइकालाही नको असते. पण "बिनधारेची" म्हणजे नेमकी किती ते लिहा: धारेची जाडी ०.८ मिमी, कड गोल. नुसतं बिनधारेची लिहिलंत तर २ मिमीची बोथट कड येते. पुढे कोणी धार लावली की उतार आखूड होऊन पातं पाचरीसारखं दिसतं, आणि ऐरण यांचा वजनाचा हिशेबही कोलमडतो.

लांबीचा वूशूच्या (चिनी युद्धकलेच्या) स्पर्धेतला नियम सोपा आहे: तलवार डाव्या हातात उलटी धरून हात खाली सोडला की टोक कानाच्या वरच्या कडेच्या खाली असू नये. त्यामुळे एकच लांबी पुरणार नाही. ३० जिआनचे तीन हिस्से करा, ७०, ७४ आणि ७८ सेमी. जाडी मोजायच्या जागा लांबीच्या प्रमाणात सरकवा, नाहीतर ७८ वाली पुन्हा लोंबेल.

कस्टमच्या वर्गीकरणात शीर्षक ९३०७, तलवारी आणि म्यानं त्यातच येतात. अमेरिकेतलं शुल्क सारखं बदलतंय, तेव्हा मागणी पक्की करण्याआधी कस्टम ब्रोकरकडून त्या आठवड्याचा दर लेखी घ्या. पुढे ब्रिटनला पाठवायचा विचार असेल तर तिथे ५० सेमी किंवा त्याहून लांब बाकदार पात्यांच्या विक्रीवर २००८ पासून बंदी आहे, पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेल्यांना सवलत. कारखान्यातली दाओ त्या सवलतीत बसवणं कठीण, जिआन सरळ असल्याने या बंदीत येत नाही. भारतात पुण्या-मुंबईच्या वूशू वर्गांना पाठवू असं मनात असेल तर थांबा. शस्त्र कायदा १९५९, कलम १०: आयातीला परवाना लागतो, आणि शस्त्र नियम २०१६ च्या यादीत तलवार नावानिशी आहे. "खेळाचं साहित्य" असं बीजकावर लिहून ती सुटत नाही.

पैसे ३० टक्के आगाऊ आणि बाकीचे तपासणीनंतर, माल निघण्याआधी. मंजूर नमुने दोन करून घ्या, दोन्हींवर सही-शिक्का, एक तुमच्याकडे आणि एक त्यांच्याकडे. नमुना मुख्य कारागीर करतो, खेप शिकाऊ पोरं करतात, म्हणून तपासणीत प्रत्येक नग काट्यावर ठेवायचा. त्याच लांबीच्या मंजूर नमुन्यापेक्षा ४० ग्रॅम जड निघाला की समजायचं पुढची जाडी उतरवलेली नाही. व्हर्नियर त्याच नगाला लावायचा, पन्नासांना लावत बसायची गरज नाही.

---

म्यानमित्र

पाती म्यानात घालून पाठवू नका हे राहिलं. नव्या म्यानातला डिंक आणि लाकडातला ओलावा, त्यावर निंगबोहून समुद्रातले पाच-सहा आठवडे. पेटी उघडाल तेव्हा म्यानाच्या तोंडापासून चार बोटांवर तांबूस पट्टा दिसेल, दोन्ही गालांवर सारखाच. पातं पुसून तेल लावून गंजरोधक फिल्ममध्ये वेगळं गुंडाळायचं, म्यान शेजारी, दोन्हींत सिलिका जेल. तेल लावणाऱ्याच्या हातात मोजे हवेत. बोटांचे ठसे पॉलिशवर इतके स्वच्छ उमटतात की कोणी पॅक केलं ते पोलीसही सांगतील.